घड्याळ मोजतं किती, ठोकून देतं किती

दसरा उलटला की माझा फोन वाजायला लागतो. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन समोर दिसत असते, बोनस हातात आलेला असतो आणि ऑनलाइन दुकानांत सवलतींचा पूर आलेला असतो. "मॅडम, कुठलं घड्याळ घेऊ?" मी उलट विचारते, "आठवड्यातून किती दिवस पळता? कुठे पळता? आणि पळून झाल्यावर आकडे बघता का?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच येतात. तिसऱ्याला बरेच जण अडखळतात.

दादर-माहीम भागात मी हौशी धावपटूंना शिकवते. त्यांत बँकेतले आहेत, डॉक्टर आहेत, साठी ओलांडलेले काका आहेत, मुलांचे डबे भरायच्या आत घरी पोचायचं म्हणून पहाटे साडेचारला बाहेर पडणाऱ्या बायका आहेत. हल्ली बहुतेकांच्या मनगटावर जीपीएस घड्याळ असतं. ती घड्याळं आणि त्यांचे आकडे रोज बघून माझं जे मत झालंय ते आधीच सांगते: हे यंत्र थोड्या गोष्टी मोजतं आणि पुष्कळ गोष्टींचा अंदाज बांधतं. दुकानदार मात्र दोन्हींचे पैसे घेतो, आणि अंदाजांचे जास्त घेतो. निवड करायची ती मोजण्याच्या कामावरून.

मोजण्याचं मुख्य काम अंतराचं. जीपीएस मूळचं अमेरिकी लष्कराचं. त्याचा पहिला उपग्रह १९७८ साली सुटला. त्याच वर्षी जालंधरला शिवनाथ सिंगने मॅरेथॉन २ तास १२ मिनिटांत पळून जो राष्ट्रीय विक्रम केला, तो पुढची चार दशकं कुणाला मोडता आला नाही. उपग्रहावाचूनही वेगानं पळता येतं हे त्यानं सिद्धच केलं. तो मुद्दा मी ताणत नाही, कारण मीही घड्याळ घालूनच पळते. २००० सालच्या मेपर्यंत सामान्यांसाठीच्या सिग्नलमध्ये अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे. ती बंद झाली आणि २००३ मध्ये गार्मिनची पहिली फोररनर घड्याळं बाजारात आली.

हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. सिग्नल तिथून कधी निघाला आणि मनगटावर कधी पोचला, या फरकावरून घड्याळ आपली जागा काढतं. वेळ नॅनोसेकंदांत मोजायची, आणि एका नॅनोसेकंदात सिग्नल ३० सेंटिमीटर जातो. एखाद्या टॉवरच्या काचेवर आपटून आलेल्या सिग्नलला ३० मीटरचा वळसा पडला, तर तो १०० नॅनोसेकंद उशिरा येतो आणि घड्याळाची फसगत होते. म्हणून लोअर परळला सेनापती बापट मार्गावर पळून आलात की नकाशावरची तुमची रेघ कुणाच्या तरी दिवाणखान्यातून गेलेली दिसते. पुण्यात कर्वे रस्त्यावर मेट्रोच्या पुलाखाली असाच गोंधळ होतो. तेच घड्याळ वांद्रे-वरळी सी लिंकवर, उघड्या आभाळाखाली, आखल्यासारखी सरळ रेघ काढतं.

यावर उपाय आहे 'ड्युअल फ्रीक्वेन्सी' किंवा 'मल्टिबँड' घड्याळाचा. जुनी घड्याळं फक्त एल-१ हा सिग्नल ऐकतात. ही एल-५ सुद्धा ऐकतात. एल-५ ची रचना अशी, की थेट आलेला सिग्नल आणि आपटून आलेला सिग्नल यांतला फरक अधिक नीट ओळखता येतो. त्याची किंमत बॅटरीतून वसूल होते. टॉवरांच्या गर्दीत किंवा सह्याद्रीतल्या घळींतून, दाट झाडीतून पळणाऱ्यांनी हे जरूर घ्यावं. कोल्हापुरात रंकाळ्याभोवती किंवा गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर पळणाऱ्यानं त्यासाठी वरचे पैसे मोजू नयेत. त्याला फरक कळणारही नाही. खोक्यावर ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू अशी नावं दिसतात, ती अनुक्रमे रशियाची, युरोपची आणि चीनची उपग्रहमाला. आपल्या 'नाविक'चे सुरुवातीचे उपग्रह एल-१ वर बोलतच नसत. ती सोय २०२३ च्या मे महिन्यात सुटलेल्या एनव्हीएस-०१ पासून सुरू झाली. खोक्यावर 'नाविक' असेल तर आनंदच आहे, पण तेवढ्यावरून घड्याळ ठरवू नका.

आता दर जानेवारीत ऐकू येणारी तक्रार: "मॅडम, कोर्स लांब होता. माझ्या घड्याळात ४२.७ आले." कोर्स लांब नसतो. मान्यताप्राप्त मॅरेथॉनचा मार्ग अंतर ताडून घेतलेल्या सायकलवर मोजणीयंत्र बसवून मोजतात, तोही सर्वांत जवळच्या रेषेनं, वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटरवरून. कमी भरू नये म्हणून हजारात एक या प्रमाणात, म्हणजे सुमारे ४२ मीटर, वर धरतात. आपण मात्र पाण्याच्या टेबलाकडे जातो, सेल्फीसाठी थांबलेल्यांना वळसे घालतो, वळण बाहेरून घेतो. त्यात घड्याळाची चूक मिसळते. हा अर्ध्या किलोमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण हिशेब करून बघा. चार तासांच्या आत यायचं तर ४२.१९५ किलोमीटरला ५:४१ चा पेस पुरतो. पण घड्याळात ४२.७ भरणार असतील, तर त्याच ५:४१ नं तुम्ही ४ तास २ मिनिटं ४१ सेकंदांनी पोचता. घड्याळावर ५:३७ दिसायला हवेत. माझ्या माणसांना मी शर्यतीच्या दिवशी ऑटो लॅप बंद करून प्रत्येक किलोमीटरच्या पाटीजवळ हातानं लॅप दाबायला लावते. पाटी खरी, घड्याळ तिच्यामागून.

म्हणून बटणं. मला विचाराल तर घड्याळ घेताना सर्वांत आधी बघायची गोष्ट हीच, आणि जाहिरातीत तिचा उल्लेखही नसतो. जुलैतल्या पावसात, घामेजल्या बोटांनी, इंटरव्हलच्या शेवटी धाप लागलेली असताना टचस्क्रीनवर लॅप घेऊन बघा. पाण्याचा थेंबच तुमच्याआधी बटण दाबतो. लॅपसाठी हाताला न बघता सापडेल असं खरं बटण हवं. दुसरं, पडद्यावर कोणते आकडे दिसावेत हे आपल्याला ठरवता यायला हवं. त्यात 'लॅप पेस' हवाच. क्षणाक्षणाचा पेस उपग्रहांच्या चुकांबरोबर ५:१० वरून ६:०५ वर उड्या मारतो; त्याच्या मागे लागणारा माणूस दर शंभर मीटरला वेग बदलत राहतो आणि तिसाव्या किलोमीटरला संपतो. तिसरं, इंटरव्हलचा वर्कआउट आधी भरून ठेवता यायला हवा. या तीन गोष्टी कंपन्यांच्या साध्या मॉडेलांतही मिळतात: फोररनरची खालची-मधली मॉडेलं, कोरोसचं पेस, पोलरचं पेसर. माझ्या गटातल्या बहुतेकांना याच्या वरचं काही लागत नाही.

ट्रॅकवर तर घड्याळाचं ऐकूच नका. चारशे मीटरची फेरी ती पहिल्या लेनची. प्रत्येक लेनमागे सुमारे ७.६७ मीटर वाढतात. आठव्या लेनमधली फेरी ४५० च्या पुढे जाते. काही घड्याळांत 'ट्रॅक रन' असतं, त्यात लेनचा आकडा दिला की ते अंतर सावरून घेतं. नसेल तर फेरी मोजा आणि लॅप दाबा.

हृदयाच्या ठोक्यांपाशी मोजणं आणि अंदाज यांची सरमिसळ सुरू होते. गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. शिवाजी पार्कला इझी रन चालू होता. आमच्यातले एक काका माझ्या शेजारून पळत भाजीबाजारातल्या भावांवर सविस्तर बोलत होते. मधेच मनगट बघून घाबरले. "एकशे चौऱ्याहत्तर!" इतकं बोलणाऱ्या माणसाचे ठोके एकशे चौऱ्याहत्तर नसतात. कट्ट्याशी थांबवून मी त्यांच्या गळ्याची नाडी पंधरा सेकंद मोजली. तेहतीस. म्हणजे मिनिटाला १३२. मग ते १७४ कशाचे? त्यांच्या पावलांचे. काकांची पावलं मिनिटाला तेवढीच पडत होती. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताची चढउतार बघतो. पट्टा सैल असला की हाताच्या हेलकाव्यालाच तो नाडी समजतो. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधला की बरंच सुधारतं. बारीक मनगटाच्या बायकांनी नवऱ्याला शोभणारं अवजड मॉडेल घेऊच नये. ते डुगडुगतं आणि वाचन बिघडतं. इंटरव्हलमध्ये मात्र घट्ट पट्ट्यालाही ठोके गाठायला वेळ लागतो. झोन लावून शिस्तीत ट्रेनिंग करणार असाल तर छातीचा पट्टा घ्या. तो हृदयाचे विद्युत संकेत थेट टिपतो. फिनलंडच्या पोलर कंपनीनं बिनतारी पट्टा १९८० च्या दशकातच आणला, आणि आजही मनगटावरचं काही त्याला हरवत नाही. घड्याळ एक पायरी खालचं आणि वर छातीचा पट्टा, ही जोडी महागड्या घड्याळापेक्षा चांगली.

झोन लावताना २२० वजा वय हे सूत्र घड्याळ आपणहून लावतं. एकाच वयाच्या दोघांत कमाल ठोक्यांचा फरक दहा-बारानं इकडे-तिकडे सहज असतो. स्वतःचा आकडा चढावरच्या जोरदार पळण्यातून काढा आणि घड्याळात हातानं भरा. चाळिशी उलटली असेल तर असला प्रयोग करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि व्हीओटू मॅक्स! हा आकडा खरा मोजायचा तर तोंडाला मास्क लावून प्रयोगशाळेत ट्रेडमिलवर धावावं लागतं. घड्याळ फक्त बघतं की किती ठोक्यांना किती वेग निघाला. त्यामागचं गणित बऱ्याच घड्याळांत फर्स्टबीट या फिनिश कंपनीचं. ती २०२० साली गार्मिननं विकत घेतली. गणित वाईट नाही. पण मुंबईच्या एप्रिलमध्ये, घाम सुकत नाही अशा हवेत, अंग गार ठेवायला रक्त कातडीकडे वळतं आणि त्याच वेगाला ठोके वाढतात. घड्याळ निष्कर्ष काढतं की तुमची तब्येत घसरली, आणि 'अनप्रॉडक्टिव्ह' असा शेरा मारतं. महाग मॉडेलं फोनवरून तापमान आणि आर्द्रता घेऊन थोडी दुरुस्ती करतात. तरी मे महिन्यात हा शेरा वाचून रडवेली झालेली माणसं मी पाहिली आहेत. झोपेचे गुण, 'बॉडी बॅटरी', पुढच्या शर्यतीची भाकितं हे सगळं याच जातीचं. महिन्याभराचा कल बघायला ठीक. सकाळी उठून बॉडी बॅटरीला विचारून पळायला जाणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

साताऱ्याच्या हिल हाफला जाणाऱ्यांचा प्रश्न वेगळा असतो. यवतेश्वरचा घाट चढताना चढाई किती झाली ते कळावं म्हणून वायुदाबमापक असलेलं घड्याळ हवं. उपग्रहावरून काढलेली उंची फार डळमळते. पण तोही हवामानानं फसतो. दाब एक हेक्टोपास्कलनं उतरला की घड्याळाला वाटतं, आपण आठेक मीटर चढलो. आपल्याकडे सकाळी दहाच्या सुमाराला दाब वर असतो आणि दुपारी चारला खाली, त्यामुळे घरात बसूनही काही मीटर 'चढाई' होते. घाम आणि पावसाचं पाणी दाबमापकाच्या छिद्रात गेलं की घाटात तुम्ही उडायलाही लागता. पळून आल्यावर घड्याळ नळाखाली साध्या पाण्यानं धुवावं. चार्जिंगच्या पिना गंजत नाहीत आणि पट्ट्याखाली घामोळंही येत नाही.

बॅटरीबद्दल थोडक्यात. खोक्यावरचे दिवस हे नुसतं घड्याळ म्हणून वापरण्याचे असतात. जीपीएस चालू असतानाचे तास बघा, तेही मल्टिबँड लावून. फुल मॅरेथॉनला दहा तास खात्रीचे हवेत. सिंहगड-राजगड-तोरणा पट्ट्यातली अल्ट्रा किंवा दक्षिण आफ्रिकेची कॉम्रेड्स डोळ्यांसमोर असेल तर वीसच्या वर. बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते, म्हणून वर थोडा वाव ठेवा.

अमेरिकेतल्या भाच्याकडून मागवायचं असेल तर आधी वॉरंटी भारतात चालते का हे लेखी बघा. स्वस्त पडलेलं घड्याळ बंद पडल्यावर दुरुस्तीला भाच्याकडेच जातं. मागच्या पिढीचं मॉडेल दिवाळीत उतरत्या भावानं मिळतं. डोळे झाकून घ्या, कारण अंतर मोजण्यात दोन पिढ्यांत फार फरक पडत नाही. अंधारात एकट्या पळणाऱ्या बायकांनी लाइव्ह लोकेशन बघून घ्यावं. बहुतेक घड्याळांत ते खिशात फोन असेल तरच चालतं. आणि स्ट्राव्हावर घराभोवतीचा भाग लपवा. २०१८ साली या अॅपच्या जाहीर नकाशावरून लष्करी तळांचे आतले रस्ते जगाला दिसले होते. तुमची सोसायटी त्यापुढे काहीच नाही.

घ्यायचं तर आत्ताच घ्या, म्हणजे शर्यतीआधीच्या लाँग रनमध्ये बटणं बोटांत बसतील. शर्यतीच्या दिवशी सुरुवातीच्या गर्दीत शिरण्याआधी, मोकळ्या जागी उभं राहून उपग्रह पकडून ठेवा. आणि एक विनंती: अंतिम रेषेवर घड्याळ बंद करायला थांबू नका. मागून माणसं वेगात येत असतात आणि मान खाली घालून उभ्या असलेल्यांवर आदळतात. तुमची अधिकृत वेळ बिबवरच्या चिपनं नोंदलेली असते. दहा पावलं पुढे या, मग बटण दाबा.