रेड नदीकाठचे सैनिक

कॅनडातल्या विनिपेगहून रेड नदीच्या काठाने उत्तरेला गेलं, की सेलकर्कजवळ सेंट पीटर्सचं जुनं दगडी चर्च लागतं. आवारात ओजिब्वे या मूळनिवासी लोकांचा सरदार पेग्विस याची कबर आहे. गोरे वसाहतवाले इथे उपाशीतापाशी आले, तेव्हा त्यांना आधार देणारा हा माणूस. 1871 मध्ये त्याच्या मुलाने, हेन्री प्रिन्सने, लोअर फोर्ट गॅरीत राणीच्या सरकारशी पहिला करार केला. करारातली ही सुपीक जमीन 1907 मध्ये लबाडीने काढून घेतली आणि लोकांना दूर उत्तरेला हलवलं. भरपाई मिळायला शतक उलटावं लागलं.

या पेग्विसचा वंशज टॉमी प्रिन्स, जवळच्याच ब्रोकनहेड वस्तीत वाढलेला. 1940 मध्ये तो भरती झाला, तेव्हा त्याला देशाच्या निवडणुकीत मतही नव्हतं. फेब्रुवारी 1944 मध्ये इटलीत लित्तोरियाजवळ तो शत्रूच्या तोंडासमोरच्या घरातून टेलिफोनवर खबरा देत होता. तार तुटली. प्रिन्सने शेतकऱ्याचे कपडे चढवले, कुदळ उचलली आणि जर्मनांच्या डोळ्यांदेखत, रान खुरपतो आहे असं भासवत, तार जोडली. त्याच वर्षी जुलैत त्याच इटलीत आपल्या पळसगावचा यशवंत घाडगे मशीनगनच्या ठाण्यावर एकटा धावून गेला आणि तिथेच पडला. दोघेही परक्या राजासाठी लढत होते, हे मला या नदीकाठी उभं राहून फार तीव्रतेने जाणवलं.

प्रिन्सला बकिंगहॅम राजवाड्यात पदक मिळालं. पुढे तो कोरियातही लढला. पण दुसऱ्या महायुद्धानंतर वस्तीवरच्या सैनिकांचे हक्काचे लाभ तिथल्या सरकारी अधिकाऱ्याच्या, 'इंडियन एजंट'च्या, मर्जीवर अडकत. प्रिन्सने संसदेच्या समितीपुढे आपल्या लोकांची बाजू मांडली. तरी अखेरची वर्षं त्याने विनिपेगमध्ये हलाखीत काढली आणि पोटासाठी पदकंही विकली. 1977 मध्ये तो वारला. ब्रुकसाइड दफनभूमीत त्याची कबर आहे.

मेटींचं दुखणं वेगळं. फर व्यापारी आणि इथल्या स्त्रिया यांच्या वंशातले हे लोक. त्यांचा नेता लुई रिएल 1885 मध्ये फाशी गेला. त्याची कबर सेंट बोनिफेसला, नदीपलीकडे. त्याच्या लोकांची मुलं दुसऱ्या महायुद्धात लढली, पण परतल्यावर सरकारने त्यांना बाकीच्या सैनिकांसारखं सावरलं नाही. माफी मागितली ती 2019 मध्ये, रेजायनात. हयात सैनिकांना प्रत्येकी वीस हजार डॉलर देऊ केले. तोवर बहुतेक जण मेले होते.