शेरूचे घर

लहानपणी मला कुत्र्याचे विलक्षण वेड होते. आम्ही तेव्हा सोलापुरात एका चाळीत राहत होतो. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, त्यांच्यापुढे चार हात रुंदीची गॅलरी आणि खाली सर्व बिऱ्हाडांचे मिळून एक अंगण, एवढेच आमचे घर. बाबा एका कापडगिरणीत कारकून होते आणि आई शाळेत शिकवत असे. सकाळी साडेदहाला दाराला कुलूप लागे, ते संध्याकाळी पाच वाजता निघे.

१९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ हा चित्रपट आला. त्यातला टफी नावाचा पांढराशुभ्र, झुबकेदार शेपटीचा कुत्रा तुमच्या आईवडिलांना नक्की आठवत असेल. तो पाहून चाळीतल्या प्रत्येक मुलाला तसाच कुत्रा हवासा वाटू लागला. सगळे त्याला ‘पॉमेरियन’ म्हणत. खरे तर तो होता इंडियन स्पिट्झ. लहान चणीचा, आपल्या हवेला सरावलेला आणि दोन खोल्यांतही मजेत राहणारा. मला मात्र टफी नको होता. पोलिसांच्या संचलनात मी एक अल्सेशियन पाहिला होता. उभे कान, काळी पाठ आणि हुकूम होताच बाणासारखी धाव! आणायचा तर असलाच कुत्रा, असे मी मनाशी पक्के ठरवून टाकले.

आमच्या शेजारी उर्दू शाळेतले एक शिक्षक राहत. सारी चाळ त्यांना मास्तरचाचा म्हणत असे. माझा हट्ट त्यांच्याही कानावर गेला. एके दिवशी जिन्यात मला थांबवून ते म्हणाले, “बेटा, कुत्ता तो लाओगे, उसके लिए वक्त कहाँ से लाओगे?”

मला त्यांचा रागच आला. “चाचा, तुम्हाला कुत्रे आवडत नाहीत, म्हणून तुम्ही असे म्हणता,” मी फटकन बोलून गेलो.

ते रागावले नाहीत. म्हणाले, “अरे, आमच्या घरात नमाज होते, म्हणून कुत्रा घरात नको. पण माझ्या भावाच्या शेतावर राखणीला कुत्रा आहे. आमची भाभी त्याची भाकरी आधी काढून ठेवते, मग आम्ही जेवायला बसतो. त्याचे घर शेत आहे. तुझ्या कुत्र्याचे घर कोणते?”

मी काही उत्तर दिले नाही. सहामाहीत माझा पहिला नंबर आला आणि बाबांचा नाइलाज झाला. त्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांकडून आम्ही दीड महिन्याचे पिल्लू आणले. (आता असे करता येत नाही. २०१७ सालच्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकायला बंदी आहे. आईपासून इतक्या लवकर तोडलेले पिल्लू चावणे कुठे थांबवावे, हे शिकतच नाही.) आम्ही त्याचे नाव शेरू ठेवले.

पहिले तीन महिने स्वर्गसुखाचे होते. शेरू माझ्या चपलेवर डोके ठेवून झोपायचा. मग तो वाढू लागला. कुत्रा वाढतो म्हणजे किती वाढतो, याचा आम्ही कोणी विचारच केला नव्हता. दहाव्या महिन्यात त्याचे वजन तीस किलोच्या घरात गेले. गॅलरीत तो वळला, की शेपटीने तुळशीची कुंडी पाडायचा. दिवसभर आम्ही बाहेर आणि तो साखळीला. आधी त्याने चपला फाडल्या, मग गादी, मग दाराची चौकट कुरतडली. दुपारभर तो असा रडायचा, की रात्रपाळी करून आलेल्या गिरणीकामगारांना झोप मिळेना. मे महिन्यात पारा त्रेचाळीस अंशांवर गेला, तेव्हा तो जीभ बाहेर टाकून मोरीत पडून राहू लागला. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीरातली उष्णता बाहेर टाकतो. आमच्या पत्र्याच्या छपराखाली त्याला किती धापा टाकाव्या लागत असतील, हे आज आठवले तरी मला मान खाली घालावीशी वाटते.

एका रविवारी मी त्याला खाली अंगणात मोकळा सोडला. मुले पकडापकडी खेळत होती. शेरू त्यांच्याभोवती गोल गोल धावू लागला. कोणी बाजूला पळाले, की त्याला वळवून पुन्हा घोळक्यात आणू लागला. आम्हाला मोठी गंमत वाटली. इतक्यात खालच्या बिऱ्हाडातली पाच वर्षांची मुलगी घोळक्यातून निसटून पळाली. शेरूने मागून धावत जाऊन तिच्या टाचेला दात लावले. जखम फार मोठी नव्हती, पण रक्त आले होते.

“त्याला रेबीजची लस दिली होती ना?” दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बाबांना विचारले. बाबांनी माझ्याकडे पाहिले. लस टोचायची तारीख पाळण्याचे काम मी अंगावर घेतले होते. तारीख दोन महिन्यांपूर्वीच टळून गेली होती.

त्या काळी सरकारी दवाखान्यांत रेबीजची इंजेक्शने पोटात देत. आज ती दंडात देतात आणि संख्याही कमी झाली आहे. जखम लगेच साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जावे, हेही आता सर्वांना शिकवले जाते. तेव्हा मात्र ती मुलगी रोज सकाळी वडिलांच्या खांद्यावर रडत रडत दवाखान्यात जायची आणि मी गॅलरीतून ते पाहायचो. तिच्या आईने आम्हाला एका शब्दानेही बोल लावला नाही. त्याचेच मला जास्त वाईट वाटायचे.

चाळीत बैठक बसली. कुत्रा पिसाळला आहे, मारून टाका, असेही कोणी कोणी म्हणाले. तो पिसाळलेला नव्हता. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवले आणि त्याला काही झाले नाही. पण तो आता चाळीत राहू शकत नव्हता, हे मलाही कळले होते. शेवटी मंगळवेढ्याहून मामा आले आणि शेरूला जीपमध्ये घालून घेऊन गेले. जाताना त्याने मागच्या काचेला नाक लावले होते. मी दोन दिवस जेवलो नाही.

मंगळवेढा म्हणजे ज्वारीचे कोठार. काळी जमीन, दूरवर नजर जाईल तिथपर्यंत उभी ज्वारी. दिवाळीच्या सुट्टीत मी मामांकडे गेलो तो शेरूला परत आणायचाच, असा बेत मनात धरून. शेताजवळ पोहोचलो तेव्हा गडी शेळ्या घेऊन माळावरून परतत होता. तीस-पस्तीस शेळ्या असतील. त्यांच्या मागे, कधी डावीकडे तर कधी उजवीकडे, मान खाली घालून एक कुत्रा पळत होता. एक करडू वाट सोडून बांधाकडे निघाले. कुत्रा वळसा घालून त्याच्या पुढे गेला, नुसता उभा राहिला आणि करडू निमूटपणे कळपात परतले. मी तोंडात बोट घालून पाहतच राहिलो. तो शेरू होता.

“ह्याला हे कोणी शिकवलं, मामा?” मी विचारले.

“कोणी नाही,” मामा म्हणाले. “आठ दिवस गड्याबरोबर नुसता हिंडला. मग आपला आपणच करायला लागला.”

पुढे वाचनात आले, तेव्हा याचा उलगडा झाला. ज्याला आपण अल्सेशियन म्हणतो, त्याचे खरे नाव जर्मन शेफर्ड, म्हणजे जर्मनीचा मेंढपाळ कुत्रा. १८९९ साली माक्स फोन श्टेफानिट्झ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने मेंढरे वळवणाऱ्या कुत्र्यांतून निवड करून ही जात घडवायला सुरुवात केली. पोलिसांत आणि सैन्यात तो नंतर गेला. कळपाभोवती फिरणे, भरकटलेल्याला परत आणणे हे त्याच्या रक्तातच होते. त्या दिवशी अंगणात शेरू चावायला गेला नव्हता. तो मुले राखत होता! पण टाचेतून रक्त आलेल्या मुलीला हे सांगून काय उपयोग?

मामांच्या शेतावर आणखी एक कुत्रा होता. उंच, सडसडीत, पोट आत गेलेला, लांब तोंडाचा. त्याला मामा कारवानी म्हणत. तो घरात येत नसे, लाडात येत नसे. पण माळावर ससा दिसला, की क्षणात दिसेनासा व्हायचा. (सशाची शिकार कायद्याने बंद आहे, म्हणून मामा लगेच शीळ घालून त्याला माघारी बोलवत.) सोलापूरला परतल्यावर मी मास्तरचाचांना या नावाचा अर्थ विचारला. ते खूश झाले. म्हणाले, “कारवाँ म्हणजे प्रवाशांचा, व्यापाऱ्यांचा तांडा. तांड्याबरोबर चालणारा तो कारवानी.” याच कुत्र्यांपैकी ज्यांच्या कानांवर आणि शेपटीवर लांब केस असतात, त्यांना पश्मी म्हणतात. पश्म म्हणजे लोकर, हे तुम्हाला मी सांगायला नको. कर्नाटकातल्या मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात जोपासली, म्हणून तिला मुधोळ हाउंड असेही नाव आहे. २००५ साली भारतीय टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढले आणि २०१६ साली भारतीय सैन्याने मेरठला या कुत्र्यांना शिकवायला घेतले. कुत्रा आपल्या मातीतला, पण म्हणून तो फ्लॅटमध्ये सुखी होईल असे नाही. त्याला पळायला रान हवे.

मी शेरूला परत आणले नाही. आणखी नऊ वर्षे तो मामांकडेच राहिला.

आता मी पुण्यात एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या इमारतीत लिफ्ट नाही. मी आणि पत्नी दोघेही नोकरी करतो, म्हणून कितीतरी वर्षे मी घरात कुत्र्याचे नाव काढले नाही. पण मुलगी आठवीत गेली आणि तिने विषय काढला. “बाबा, मला हस्की हवा. निळ्या डोळ्यांचा.”

इतिहासाची पुनरावृत्ती कशी होते पाहा! मी तिला हस्कीची गोष्ट सांगितली. हा सायबेरियातला कुत्रा. दुहेरी केसांची गोधडी पांघरून बर्फावर गाडी ओढणारा. १९२५ साली अलास्कातल्या नोम या गावात मुलांना घटसर्पाची साथ लागली. औषध घेऊन कुत्र्यांच्या गाड्यांनी उणे चाळीस अंशांच्या थंडीत सुमारे हजार किलोमीटर अंतर साडेपाच दिवसांत कापले आणि गाव वाचले. त्यातले बाल्टो आणि टोगो हे कुत्रे जगप्रसिद्ध झाले. “आता हाच कुत्रा आपल्या गच्चीवर मे महिन्यात उभा राहिला, तर?” मी विचारले. तिने जरा विचार केला आणि हस्कीचे नाव सोडले.

मग एकेक नावे निघाली. पग म्हणाली. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे चालणारा पग दिसला आणि घरोघरी पग आले. पण त्याचे नाक इतके आखूड, की उन्हाळ्यात त्याला श्वासही धड घेता येत नाही. डॅशहुंड आखूड पायांचा आणि लांब पाठीचा. बिळात शिरून बॅजर नावाचा प्राणी हुडकण्यासाठी तो तसा घडवला. आमचे दोन मजले रोज चढून उतरून त्याच्या पाठीचा मणका दुखावला असता. लॅब्रॅडॉर स्वभावाने गोड. त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांना जाळी ओढू लागत. त्याला पोहायला, पळायला हवे. नुसता बसवून खाऊ घातला, तर तो बघता बघता लठ्ठ होतो.

“म्हणजे आपल्याला कुठलाच कुत्रा नाही,” ती रडवेली झाली.

मला जिन्यातले मास्तरचाचा आठवले. मी तिला एक कोरा कागद दिला आणि सांगितले, “यावर दिवसाचे तास लिही. प्रत्येक तासापुढे त्या वेळी कुत्र्याजवळ कोण असेल, त्याचे नाव लिही. पुढची बारा-तेरा वर्षे.”

ती बराच वेळ टेबलाशी बसली. मग कागद घेऊन आली. सकाळचा फेरफटका, दुपारचे जेवण, संध्याकाळचा फेरफटका, डॉक्टरांकडे नेणे. तिचे नाव तीन ठिकाणी होते, आमची दोघांची एकेका ठिकाणी. बाकी सगळीकडे तिने ‘आजोबा’ असे लिहिले होते.

बाबा शेजारीच वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांचे वय पंचाहत्तर. गुडघे दुखतात, पण सकाळ-संध्याकाळ हळूहळू चालायला जातातच. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा वर करून वाचला आणि म्हणाले, “म्हणजे कुत्रा माझा आहे. मग मला विचारा की कसला हवा!”

पुढच्या रविवारी आम्ही तिघे भटक्या कुत्र्यांना आसरा देणाऱ्या एका संस्थेत गेलो. पिल्लांच्या पिंजऱ्याशी मुलगी खिळून राहिली. बाबा मात्र तिकडे फिरकलेच नाहीत. कडेला पोत्यावर एक पिवळसर गावठी कुत्री बसली होती. पाच-सहा वर्षांची, शांत. अपघातात मागचा एक पाय दुखावलेला. तिला सगळ्या लसी दिलेल्या होत्या, तसा कागद होता. तो मी दोनदा वाचला. बाबा तिच्यापुढे उभे राहिले. तिने त्यांच्या काठीचा वास घेतला. मग ते अंगणाच्या टोकापर्यंत चालत गेले आणि तीही त्यांच्या शेजारून, न ओढता, न पळता चालत गेली. परत आल्यावर बाबा म्हणाले, “लंगडते थोडी. माझ्या चालीची आहे.”