गाय गोठ्यातच राहिली

आमच्या निफाड तालुक्यातल्या एका दीड एकरवाल्या शेतकऱ्याची मुलगी नाशिकला बी.एस्सी. नर्सिंगला लागली. फीसाठी त्याने दुभती गाय विकायला काढली.

"दादा, थांबा," मी म्हटले. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास घटकांतल्या मुलींची शिकवणी फी माफ झाली आहे. उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला ती सवलत नाही.

"साहेब, लेकीसाठी सरकारपुढं हात पसरू?"

"ठिबकचं अनुदान घेतलंत, तेव्हा पसरला होता का?"

तो हसला. गाय वाचली.

राहण्याजेवणाच्या खर्चासाठी अल्पभूधारकांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. (पंजाबराव १९५२ ते ६२ देशाचे कृषिमंत्री, म्हणजे आम्हा शेतीखात्यातल्यांचे दैवतच!) सातबारा, आठ-अ, तहसीलदारांचे उत्पन्नाचे आणि अल्पभूधारकाचे दाखले गोळा करून महाडीबीटीवर अर्ज मीच भरला. पीकविम्याचे अर्ज भरून हात बसलेला. वाटले, हे तर सोपे.

चूक तिथेच झाली. पैसे जातात आधारशी जोडलेल्या खात्यात. मुलीचे आधार शाळेत असतानाच्या जुन्या, बंद पडलेल्या खात्याला जोडलेले होते. मी विचारलेच नाही. भत्ता अडकला. दोन महिने तिच्या आईने दुधाच्या पैशातून खानावळ भागवली, त्याच गाईच्या.

आता शिवारफेरीला गेलो की करप्याआधी मुलीचे खाते विचारतो. बायामाणसे हसतात, पण पासबुक आणून दाखवतात.