बऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया

देवणी, जि. लातूर

चि. भाचीस,



परवा फोनवर तू चष्मा घालवायच्या लेसरचं विचारलंस आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्या शेजारी बसलेल्या तुझ्या आईनंच निकाल दिला, "करून टाक म्हणावं, दिवाळीनंतर तिला बघायला पाहुणे यायलेत." नंतर विषय पाहुण्यांवर गेला आणि तुझा प्रश्न तसाच राहिला. फोनवर हे सगळं मावणारही नाही, म्हणून लिहायला बसले.

माझं मत आधीच सांगते. तुझे डोळे या शस्त्रक्रियेला योग्य ठरले तर जरूर करून घे. पण पाहुण्यांसाठी करू नकोस, आणि पाहुणे यायच्या तारखेआधी उरकायचं म्हणून तर मुळीच नको.

आपल्या भागात डोळ्याचं ऑपरेशन म्हटलं की माणसाला मोतीबिंदू आठवतो. रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने याच शस्त्रक्रियेमुळे घराघरात माहीत झाले. एक लाखाहून जास्त मोतीबिंदू त्यांनी काढले, २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. उदगीरच्या लायन्सच्या नेत्र रुग्णालयात जाऊन आलेली म्हातारी माणसं आपल्या गल्लीत कमी नाहीत. पट्टी निघाल्यावर नातवाचा चेहरा दिसला की माणूस डॉक्टरांच्या पाया पडतो. त्यामुळे डोळ्याच्या ऑपरेशनवर आपल्या लोकांचा विश्वास आहे, आणि तो योग्यच आहे. पण तुझ्या आईनं तोच विश्वास उचलून लेसरवर ठेवलाय, तिथं मला थांबावंसं वाटतं. मोतीबिंदूत गेलेली नजर परत येते. तुझी नजर कुठंच गेलेली नाही. चष्मा लावलास की तक्त्यावरची शेवटची ओळ तू वाचतेस. तुझा डोळा बरा आहे आणि बऱ्या डोळ्यावर शस्त्रक्रिया करायची आहे. मोतीबिंदू न काढणाऱ्याचं नुकसान होतं. लेसर न करणाऱ्याला फक्त चष्मा वापरावा लागतो. म्हणून इथं घाई कशाचीच नाही, आणि "नाही" हे उत्तर ऐकायची तयारी ठेवूनच तपासणीला जायचं.

मायनस नंबर म्हणजे काय हे तुला कुणी नीट सांगितलं असेल असं मला वाटत नाही. लातूरच्या क्लासच्या दिवसांत नंबर वाढला की आपण नुसती काच बदलून आणत होतो. तुझ्यासारख्यांचा डोळा पुढून मागं थोडा जास्त लांब वाढलेला असतो. साधारण डोळा २४ मिलिमीटरच्या आसपास असतो. एखादा मिलिमीटर जरी जास्त झाला तरी अडीच-तीन नंबर लागतो. आत येणारा प्रकाश मागच्या पडद्यावर पोहोचायच्या आधीच एकत्र येतो आणि लांबचं धूसर दिसतं. लेसर डोळ्याची लांबी कमी करत नाही. बुबुळासमोरची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, मधोमध थोडी चपटी करतं, आणि प्रकाश बरोबर पडद्यावर जाऊन पडतो.

हे ज्या किरणांनी करतात त्यांच्यामागे आपल्याकडच्या एका माणसाचा हात आहे. रंगस्वामी श्रीनिवासन मद्रासचे, अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत संशोधक होते. १९८१ साली थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणातून उरलेला टर्की पक्ष्याचा तुकडा त्यांनी प्रयोगशाळेत नेला आणि त्यावर एक्सायमर लेसर सोडला. १९३ नॅनोमीटरच्या त्या अतिनील किरणांनी तुकड्यावर स्वच्छ खाच पडली. आजूबाजूचं मांस जळलं नाही की करपलं नाही. जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम हे सहकारी त्यांच्यासोबत होते. दोन वर्षांनी न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्यासोबत श्रीनिवासन यांनी हेच किरण कॉर्नियावर वापरून दाखवले. २०१३ साली श्रीनिवासन, विन आणि ब्लम यांना अमेरिकेचं तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय पदक दिलं गेलं. हे मुद्दाम लिहिते, कारण "लेसरनं डोळा जळतो" असं तुझी आजी म्हणायलीय. तिला सांग, हा किरण जाळत नाही. तो कॉर्नियाचा अगदी पातळ थर उडवतो, आणि किती उडवायचा हे आधीच ठरलेलं असतं.

आणि सगळा प्रश्न त्या "किती"चाच आहे. कॉर्निया मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो, बहुतेकांचा ५०० ते ५५० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एका नंबरामागं साधारण १२ ते १५ मायक्रॉन काढावे लागतात. तुझा नंबर सहा, म्हणजे ७२ ते ९० मायक्रॉन गेले. लॅसिक पद्धतीनं केलं तर त्याआधी शंभर-एकशेदहा मायक्रॉन जाडीचा फ्लॅप उचलतात. पुस्तकाचं पान उलटावं तसा तो एका कडेला जोडलेला ठेवून उलटतात आणि लेसर मारून झालं की परत खाली बसवतात. आता जास्तीचे आकडे धरून हिशेब कर. तुझी जाडी ५२० भरली तर खाली ३२० उरतात आणि काम निर्धास्त होतं. ४८० भरली तर २८० उरतात. २५० च्या खाली कधीच जायचं नाही असा जुना दंडक आहे आणि बरेच डॉक्टर आता ३०० च्या आसपासच थांबतात. एवढा एक आकडा तुझा अर्धा निर्णय करतो. तो मोजायच्या आत तारीख ठरवणं मला पटत नाही.

उरलेला अर्धा निर्णय कॉर्नियाच्या आकाराचा. काहींचा कॉर्निया मधेच कमकुवत असतो आणि हळूहळू शंकूसारखा पुढं येतो, त्याला केराटोकोनस म्हणतात. नागपूरजवळच्या खेड्यांतल्या साडेचार हजारांहून जास्त लोकांचे डोळे काही वर्षांपूर्वी एका मोठ्या अभ्यासात तपासले, तेव्हा शंभरात दोघांहून जास्त जणांच्या कॉर्नियाला तशी वक्रता सापडली. मोजमापाची पद्धत बदलली की हा आकडा कमी-जास्त होतो, पण आपल्या महाराष्ट्रातली खेडीच ती, म्हणून मला हा अभ्यास महत्त्वाचा वाटतो. असा डोळा लेसरनं आणखी पातळ केला तर तो फुगत जातो. मग चष्म्यानंही नीट दिसत नाही आणि गोष्ट कॉर्निया बदलण्यापर्यंत जाऊ शकते. वरून बघून हे कळत नाही. टोपोग्राफी नाहीतर पेंटॅकॅम नावाच्या तपासणीत कॉर्नियाचा पुढचा-मागचा नकाशा निघतो, त्यात कळतं. लहानपणापासून डोळे चोळायची तुझी सवय आहे, ती डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांग. ॲलर्जीत डोळे चोळणं आणि हा आजार यांचा जवळचा संबंध आहे.

नकाशा खरा यावा यासाठी तपासणीच्या आधी किमान एक-दोन आठवडे लेन्स बंद ठेव, कारण लेन्सखाली कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदललेला असतो. आणि लेन्सचा विषय निघालाच आहे तर विचारते, पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं येतेस तेव्हा लेन्स काढून झोपतेस ना? टाकीच्या पाण्यानं कधी धुतल्या आहेस का? चष्मा नको म्हणून लेन्स घालून झोपणाऱ्यांच्या बुबुळाला जखम होऊ शकते आणि फूल पडू शकतं. लेसरची भीती घालणारे हा धोका कधी मोजत नाहीत. शिस्त न पाळता वर्षानुवर्षं लेन्स वापरण्यापेक्षा नीट तपासून केलेलं लेसर मला बरं वाटतं.

आता कोणतं करायचं ते. जाहिरातीत सगळ्यात नवं ते सगळ्यात चांगलं असतं, पण तू तुझ्या जगण्याकडं बघून विचार. सुट्टीत तू गावी येतेस, गोठ्यात बसतेस, धार काढतेस. देवणी गाईच्या शेपटीचा फटका डोळ्याला लागलेली माणसं मी पाहिली आहेत. तुरीच्या काडीनं बुबुळाला खोल ओरखडा पडलेलाही पाहिलाय. लॅसिकचा फ्लॅप वरून बसलेला दिसला तरी पूर्वीइतका घट्ट कधीच होत नाही, जोराचा मार लागला तर वर्षांनंतरही सरकू शकतो. पीआरके पद्धतीत फ्लॅपच नसतो. वरची नाजूक त्वचा काढून लेसर मारतात आणि ती तीन-पाच दिवसांत भरून येते. ते दिवस दुखतं, डोळ्यांतून पाणी वाहतं, नजर स्थिरावायला आठवडे लागतात. स्माइल पद्धतीत आतल्या आत पातळ तुकडा तयार करून तो दोन-चार मिलिमीटरच्या चिरेतून बाहेर काढतात. आपल्यासारख्या शेतीवाडीत वावरणाऱ्या मुलीनं फ्लॅप नसलेल्या पद्धतींचा आधी विचार करावा, असं मला वाटतं. थोडे दिवस जास्त दुखलं तरी चालेल.

शस्त्रक्रिया स्वतः छोटी असते. थेंब टाकून डोळा बधिर करतात, तू जागीच असतेस, एका डोळ्याला काही मिनिटं लागतात. जपायचं ते पुढच्या महिन्यांत. कॉर्नियातल्या बारीक नसा कापल्या जातात, म्हणून डोळे कोरडे पडतात आणि दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्याला ते जास्त जाणवतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं लॅसिक झालेल्या लोकांनाच विचारून एक अभ्यास केला. ज्यांना आधी कोरडेपणाचा त्रास नव्हता त्यांच्यातल्या २८ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनी तो सांगितला. ज्यांना आधी दिसण्यात काही खटकत नव्हतं त्यांच्यातल्या ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना दिव्याभोवती वलय, चकाकी असं काहीतरी नव्यानं दिसू लागलं. त्याच अभ्यासात ९५ टक्क्यांहून जास्त लोक आपल्या नजरेवर समाधानी होते, आणि खूप अडचण येते म्हणणारे शंभरात एकाहून कमी निघाले. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. तू रात्री स्कूटी चालवतेस, म्हणून वलयांबद्दल डॉक्टरांना खोदून विचार.

लेसरनं जे बदलत नाही तेही ऐक. डोळा लांबच राहतो. लांब डोळ्याचा मागचा पडदा ताणलेला असतो, त्याला छिद्र पडायचा, तो सरकायचा धोका लेसरनंतरही तितकाच. म्हणून आधी बाहुली मोठी करून पडदा कडेपर्यंत तपासून घे, आणि पुढंही दरवर्षी तपासत जा. चष्मा गेला म्हणून डॉक्टरांकडं जाणं सोडलं असं व्हायला नको. चाळिशी ओलांडली की वाचायला चष्मा लागेल, तो लेसर टाळत नाही. आणि ऑपरेशनच्या आधीचे सगळे रिपोर्ट जन्माच्या दाखल्यासारखे जपून ठेव. तुला साठीत मोतीबिंदू होईल तेव्हा आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना ते कागद लागतील, कारण लेसर झालेल्या डोळ्यावर नेहमीचा हिशेब चुकतो.

खर्चाचं एक. साडेसातच्या आतल्या नंबरासाठी आरोग्य विमा पैसे देत नाही, तेव्हा कंपनीच्या विम्यावर विसंबू नकोस. आणि तुझ्या धाकट्या भावाला तुझं बघून लेसर करायचं वेड लागायच्या आत सांग. लातूरच्या रेल्वे कारखान्यामुळं त्याच्या डोक्यात रेल्वे भरली आहे. सहायक लोको पायलटच्या जाहिरातीत लेसर झालेला उमेदवार चालत नाही असं स्पष्ट छापलेलं असतं.

आता पाहुणे. इथं मी गप्प बसणार नाही. चष्मा काढून काढलेला तुझा फोटो बायोडेटाला लावलाय हे मला आवडलं नाही. आपल्याकडं मुलीचा रंग बघतात, उंची बघतात, आता नंबर बघायला लागलेत, आणि मुलाच्या चष्म्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. लेसर केलंस तरी मुलांना नंबर यायची शक्यता तशीच राहते, ती कॉर्नियात नसते. म्हणजे ऑपरेशन करून समोरच्यापासून काही लपवता येतं हा समजही खोटा आहे. तुला पहाटे उठल्यावर घड्याळ दिसावं, पावसात काच पुसायला लागू नये, कबड्डी पुन्हा खेळता यावी, यासाठी कर. ती कारणं तुझी आहेत आणि पुरेशी आहेत. लग्न ठरलं तर ऑपरेशनचं त्या घराला आधी सांग. पुढं बाळाचा विचार लगेच असेल तर तेही डॉक्टरांना सांग, गरोदरपणात आणि अंगावर पाजताना हे करत नाहीत.

गेलं वर्षभर तुझा नंबर बदलला नाही म्हणतेस, ते जुन्या कागदांवरून पडताळ. मग पुण्यात नाहीतर हैदराबादला, जिथं कॉर्नियाचे तज्ज्ञ आणि पडद्याचे तज्ज्ञ एकाच छताखाली असतील तिथं जा. ऑपरेशन कोण करणार त्यांच्याशीच बोल, समुपदेशकाशी बोलून पैसे भरून येऊ नकोस. दिवाळीची सूट आहे म्हणाले तर उठून ये. आणि त्यांनी तुझा कॉर्निया पातळ आहे, नकाशा संशयास्पद आहे म्हणून नकार दिला, तर "हो" म्हणणारा दुसरा डॉक्टर शोधत फिरू नकोस. नकार देणाऱ्यानं तुझा डोळा वाचवलेला असेल.

तुझ्या आईशी मी बोलते. तू लेन्स आजच काढून ठेव, आणि रिपोर्ट आले की दोन्ही डोळ्यांची जाडी मला कळव.

तुझी,
मावशी