सूर्य देवळात येतो, नदी टेकडीवर जाते

कोल्हापूर म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? तांबडा-पांढरा रस्सा, करकर वाजणारी चप्पल, लाल मातीतली कुस्ती आणि रंकाळ्यावरची भेळ! हे सगळं तिथं बारा महिने मिळतं. पण काही गोष्टी पाहायच्या तर दिवस गाठूनच जावं लागतं. त्या दिवशी ऋतू पाहुणा होऊन येतो आणि सगळं गाव त्याच्या स्वागताला उभं राहतं. अशा दोन जागा आज पाहू या.

पहिली जागा अंबाबाईचं, म्हणजेच महालक्ष्मीचं देऊळ. मूर्तीचं तोंड पश्चिमेला आहे आणि समोर दूरवर महाद्वार. 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी या दिवसांत मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं. गाभाऱ्याकडचे दिवे मालवतात. गर्दी एकदम चिडीचूप! ऊन कासव चौकातून येतं, पितळी उंबरा ओलांडतं आणि पुढे पुढे सरकत मूर्तीच्या पायांशी पोचतं. बाहेर सूर्य जसा खाली उतरतो, तसं आत ऊन वर चढतं. पाय, कंबर, छाती आणि शेवटी चेहरा! पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर किरणं येतात, असं परंपरेनं सांगतात. हा सोहळा म्हणजे किरणोत्सव. मोजून काही मिनिटांचा खेळ, पण त्यासाठी लोक तासन् तास थांबतात.

आता एक कोडं. याच तारखा का? कॅलेंडर काढा आणि मोजा. 22 डिसेंबरच्या आसपास आपल्याकडे वर्षातला सगळ्यात लहान दिवस असतो. 10 नोव्हेंबरपासून तिथपर्यंत 42 दिवस होतात. तिथून पुढे 1 फेब्रुवारीपर्यंत 41 दिवस. जवळजवळ सारखेच! सूर्याची मावळायची जागा नोव्हेंबरात दक्षिणेकडे सरकत असते. डिसेंबरच्या त्या टोकापासून ती मागे फिरते आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुन्हा त्याच जागी येते. जाताना एकदा, येताना एकदा. या दिवसांत सूर्य रोज स्वतःच्या साधारण अर्ध्या बिंबाएवढा बाजूला सरकतो. म्हणून हा योग दोन-चार दिवसच टिकतो.

दुसरी जागा पाहायला आषाढात जायचं. घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असतो. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचं पाणी पंचगंगेत येतं (पाचवी सरस्वती गुप्त आहे, असं मानतात). उन्हाळ्यात बारीक झालेली नदी लाल, गढूळ आणि भरदार होते. हेच ते ‘नवं पाणी’. मंगळवारी आणि शुक्रवारी गल्लोगल्लीच्या मुली आणि बायका घाटावर घागरी भरतात, सजवतात आणि डोक्यावर घेऊन निघतात. पुढे ‘पी-ढबाक’ वाजत असतं. हे त्या वाद्यांचंच नाव बरं का! मोठ्यांदा म्हणून पाहा, म्हणजे ते कसं वाजतं तेही कळेल. गावाच्या एका अंगाला नदी आणि दुसऱ्या अंगाला त्र्यंबोलीची टेकडी, म्हणजे कोल्हापूरकरांची टेंबलाई. तिथं देवळाच्या पायऱ्यांवर ते पाणी ओततात. नदीला काही टेकडी चढता येत नाही. म्हणून माणसंच तिला उचलून वर नेतात!

आता तुमच्यापैकी कुणी विचारील, “आमच्या घरी देव मानत नाहीत. मग आम्ही तिथं जाऊन काय करायचं?” प्रश्न अगदी बरोबर आहे. आई-बाबांनाही तो कधीतरी पडलेला असतो.

त्याचं उत्तर शोधायला जरा लांब जाऊ. आयर्लंडमध्ये न्यूग्रेंज नावाची पाच हजार वर्षांहून जुनी दगडी वास्तू आहे. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी उगवत्या सूर्याचा किरण तिच्या लांबलचक बोळातून आतल्या खोलीत पोचतो. ती खोली सुमारे 17 मिनिटं उजळून निघते. बांधणाऱ्यांच्या देवाचं नाव काय होतं, हे आज कुणालाच ठाऊक नाही. तरी त्या पहाटे आत जायला मिळावं म्हणून चिठ्ठ्या टाकून नंबर लावतात!

युरोप-अमेरिकेत स्वतःला ‘पेगन’ म्हणवणारे लोक आहेत. ख्रिस्ती धर्माच्या आधीच्या निसर्गपूजेशी ते नातं सांगतात. त्यांतले काहीजण तर कुठलाच देव मानत नाहीत. तरीही पुष्कळजण वर्षाचे आठ सण पाळतात : सगळ्यात मोठा दिवस, सगळ्यात लहान दिवस, दिवस-रात्र सारखी असण्याचे दोन दिवस आणि यांच्या मधले चार. त्या चारांतला एक येतो नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि एक फेब्रुवारीच्या सुरुवातीला. म्हणजे आपल्या किरणोत्सवाच्या आगेमागेच! कुणी कुणाचं पाहून केलेलं नाही. सूर्य तेवढा एकच आहे.

आपल्याकडेही असा विचार झाला आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी ‘होळी मोडा’ असं म्हटलं नाही. होळी लहान करा आणि पोळी भुकेल्याला द्या, असं ते सांगत राहिले. सण राहिला, लाकडं वाचली आणि कुणाच्या तरी पानात गोड घास पडला.

म्हणजे सण हा एका अर्थानं गजर आहे. तो म्हणतो, ‘ऊठ, वर बघ, सूर्य वळतोय. खाली बघ, नदी भरतेय.’ किरणोत्सवात शेजारचे आजोबा हात जोडतील, तर तुम्ही डोळे मोठे करून नुसते पाहाल. दोघंही गप्प उभे राहाल, कारण दोघांनाही तो एक क्षण चुकवायचा नसतो. आजोबांना हसू नका आणि स्वतःच्या प्रश्नांना लाजूही नका.

पण नुसतं पाहून भागत नाही. महाद्वाराबाहेरच्या उंच इमारती, हवेतली धूळ आणि ढग यांच्यामुळे काही वर्षी किरणं कमरेपर्यंतच येऊन विरतात. ढगांना आपण काही करू शकत नाही. इमारती आणि धूळ मात्र आपलीच. नदीचंही तसंच. 2019 साली पंचगंगेच्या महापुरानं सगळ्या जिल्ह्याला रडवलं. तीच नदी उन्हाळ्यात सांडपाण्यानं काळवंडते, कधी जलपर्णीनं झाकून जाते आणि मेलेले मासे तरंगताना दिसतात. घागर कितीही सजवली तरी आतलं पाणी घाण असेल, तर टेकडीवर आपण काय नेलं? सूर्याची वाट मोकळी ठेवणं आणि नदी स्वच्छ ठेवणं हे काम देव मानणाऱ्यांचं आणि न मानणाऱ्यांचं सारखंच आहे.

कोल्हापूरला जाणं जमलं नाही, तरी एक गंमत करा. पश्चिमेच्या खिडकीतून घरात ऊन येत असेल, तर 10 नोव्हेंबरला सूर्य मावळायच्या पंधरा मिनिटं आधी समोरच्या भिंतीवर उन्हाच्या कडेनं खडूची रेघ मारा. (आईला विचारून बरं का!) मग थेट 1 फेब्रुवारीला, सूर्य मावळायच्या तितकीच मिनिटं आधी, तिथं जाऊन पाहा. मधल्या काळात ऊन कुठे कुठे फिरून आलं, हे रेघेशेजारी तारखा टाकून लिहून ठेवा. तुमच्या घरचा किरणोत्सव तयार!