एकाक्षरी गृहस्थ

या, ओळख करून देतो. हे 'च'. काना नाही, मात्रा नाही, आडनाव नाही. पूर्ण नाव एवढंच. बघा, नाव सांगतानाही शेवटी येऊन बसलेच. उच्चार 'चहा'तला करू नका, रागावतात. 'चटक्या'तला करा.

गृहस्थांना स्वतःचं बिऱ्हाड नाही. जन्मभर दुसऱ्याच्या शब्दाला टेकून राहतात. व्याकरणाच्या पुस्तकात यांची नोंद 'शुद्ध शब्दयोगी अव्यय' अशी आहे. 'ही', 'मात्र', 'सुद्धा' हे भाऊबंद. नियम असा की ही मंडळी चिकटली तरी आधीच्या शब्दाचं सामान्यरूप होत नाही. कागदोपत्री पाहुणा अगदी सोवळा, यजमानाच्या केसालाही धक्का नाही. बदलतो तो घरातला आवाज. 'मी उद्या येतो' हे साधं वाक्य. 'मीच उद्या येतो' म्हटलं की बाकीचे गप्प. 'मी उद्याच येतो' म्हटलं की यजमानाची धावपळ. आणि 'मी उद्या येतोच' हा निरोप आहे की धमकी, ते ऐकणाऱ्याने ठरवायचं.

एरवी माणूस कामाचा. भाजीवालीची मेथी रोज 'आजचीच' असते ती यांच्या जोरावर. पण एखाद्याचं मन खचायला लागलं की यांचा खरा स्वभाव बाहेर पडतो.

पहिला स्वभाव हट्टी. त्यावर न्यूयॉर्कचे मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांचा भारी रोष. एलिस यांना मराठी येत नव्हतं, पण इंग्रजीतल्या 'मस्ट'च्या वेशात त्यांनी यांना पक्कं ओळखलं होतं. १९५५च्या सुमारास मनोविश्लेषणाचा कोच सोडून त्यांनी स्वतःची उपचारपद्धती मांडली. घटना थेट भावना घडवत नाही, मध्ये आपली धारणा बसलेली असते, हे तिचं सूत्र. नोकरीची मुलाखत हुकली. 'मला ती मिळायला हवी होती' म्हणणाऱ्याला दुःख होतं, आणि ते रास्त आहे. 'मला ती मिळायलाच हवी होती' म्हणणारा मात्र संध्याकाळपर्यंत 'म्हणजे मी नालायक' इथवर येऊन पोचतो. दोन वाक्यांत फरक एका अक्षराचा. एलिस यांचे विचार मराठीत रुजवण्यासाठी झटणारे मुंबईचे मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी त्यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला. मराठी माणसाला ही पद्धत समजावणं एका परीने सोपं: 'पाहिजे' आणि 'पाहिजेच' शेजारी शेजारी लिहिले की अर्धं काम झालं.

दुसरा स्वभाव न बोलावता येण्याचा. फिलाडेल्फियाचे मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक हे खरं तर फ्रॉइडची बाजू सिद्ध करायला निघाले होते. नैराश्य म्हणजे स्वतःवर उलटलेला राग, तर तो रुग्णांच्या स्वप्नांत सापडेल, असा हिशेब. सापडलं भलतंच: हरणं, गमावणं, नाकारलं जाणं. जागेपणीही रुग्णांच्या मनात काही विचार झर्रकन येऊन जात आणि कुणी त्यांची झडती घेत नसे. बेक यांनी त्यांचे तीन विषय नोंदवले: स्वतः, जग आणि भविष्य. मराठीत आणून बघा. 'मी बिनकामाचाच.' 'माझी कुणालाच पर्वा नाही.' 'पुढेही हे असंच.' तिन्ही खोल्यांत आपले गृहस्थ पाय पसरून बसलेले.

तिसरा स्वभाव ऐसपैस. आधी बोटभर जागा, मग सबंध वाडा. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी १९६७मध्ये सहकाऱ्यांसह दाखवलं की विजेचे धक्के चुकवणं आपल्या हाती नाही हे शिकलेली कुत्री पुढे वाट मोकळी असूनही पडून राहत. माणसाला हे लावताना १९७८मध्ये ॲब्रमसन, सेलिगमन आणि टीझडेल यांनी प्रश्न असा केला: झाल्या अपयशाचं कारण माणूस कसं सांगतो? खचणारा सांगतो, 'माझ्यामुळेच, नेहमीच, सगळीकडेच.' गणिताच्या एका पेपरातून निघालेली स्वारी दोन पावलांत आख्ख्या आयुष्यावर जाऊन बसते.

यांची दुखती नस एकच, झडती. मित्राने निरोप वाचला, दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही. 'त्याला माझ्याशी बोलायचंच नाही,' हे लगेच हजर. समुपदेशक अशा वेळी वाद घालत नाही. कागदावर रकाने पाडतो: काय घडलं, मनात काय आलं, पुरावा कोणता, उलट पुरावा कोणता. 'कुणालाच माझी गरज नाही' या वाक्यासमोर शेवटच्या रकान्यात लिहिलं जातं: गुरुवारी शेजारच्या काकू बँकेचा फॉर्म भरून घ्यायला आल्या होत्या. एवढ्याशा नोंदीपुढे हे चुळबुळतात. तारीखवार पुरावा मागितलेला यांना खपत नाही.

त्यांना हाकलायची गरज पडत नाही. भाऊबंद 'ही' यांना जागेवर बसवलं तरी पुरतं. 'मी चुकतोच' आणि 'मी चुकतोही' यांत चूक कुठेच नाकारलेली नाही; फक्त दुसऱ्या वाक्यात बरोबर येण्यालाही जागा उरते.

पण न्यायाने बोलायचं तर सगळा दोष यांच्या माथी मारता येत नाही. १९७९मध्ये ॲलॉय आणि ॲब्रमसन यांनी विद्यार्थ्यांना बटण दाबायला देऊन विचारलं, दिवा लागणं तुमच्या हातात किती? उदास विद्यार्थ्यांचा अंदाज जास्त अचूक निघाला. आनंदी मंडळी जिथे काहीच हाती नव्हतं तिथेही कधीकधी श्रेय घेत होती. शिवाय नैराश्याला झोप, शरीर, आनुवंशिकता, कर्ज, एखाद्याचं जाणं, अशा अनेक वाटा फुटलेल्या असतात. आग यांनी लावली की लागल्यावर तेल घेऊन आले, यावर अभ्यासकांचा वाद आजही मिटलेला नाही. म्हणून 'चांगले विचार कर म्हणजे झालं' असं सांगणाऱ्याला आधी बाजूला बसवावं आणि डॉक्टरांची वेळ घ्यावी.

दवाखान्याबाहेरच्या बाकावर नंबर यायला अजून अर्धा तास असतो. मान खाली घालून बसलेल्या मित्राला शेजारचा म्हणतो, 'तू जा आत. मी इथे आहेच.' गृहस्थ याही वाक्याच्या शेवटी बसलेले असतात, आणि या जागेवरून त्यांना कुणी उठवत नाही.