धरमतरच्या खाडीतून खोल समुद्राकडे

डोलवीहून समुद्र दिसत नाही. दिसतो तो मुंबई-गोवा महामार्ग, त्याच्या कडेची पोलाद कारखान्याची धुरांडी आणि त्यांच्याही पलीकडे अंबा नदीचे रुंदावत गेलेले पात्र, ज्याला सारा पेण तालुका धरमतरची खाडी म्हणून ओळखतो. भरतीची वेळ साधून कच्चा माल भरलेले बार्ज या खाडीतून संथपणे वर येतात. एके काळी मुंबईची माणसे आगबोटीने धरमतरला उतरत आणि तेथून पुढे कोकणची वाट धरीत. आज माणसे रस्त्याने जातात, पाण्यावरून येतो तो माल. परंतु येथे वाढणाऱ्या मुलाच्या मनात बार्ज पाहून उमटणारा प्रश्न मात्र जुनाच आहे: हे कुठून आले, आणि मला केव्हा नेणार?

तुमच्या घरातही असा चार-पाच वर्षांचा प्रश्न असेल आणि त्या मुलाला एखाद्या अन्नपदार्थाची ॲलर्जी असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आमच्या मुलीला शेंगदाणे आणि काजू चालत नाहीत. खारेपाटात राहून हे पथ्य सांभाळणे तुलनेने सोपे जाते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. येथील स्वयंपाक तांदूळ, ओले खोबरे, वाल आणि मासळीवर उभा आहे. देशावरच्यासारखा दाण्याचा कूट प्रत्येक भाजीत पडत नाही. ज्या मुलांना कोळंबीची वा जवळ्याची ॲलर्जी आहे, त्यांच्या आयांचे दुखणे येथे निराळे. शेजारच्या घरी कोळंबी शिजत असताना उठणाऱ्या वाफेनेही अशा एखाद्या मुलाला खोकला येऊ शकतो.

आम्ही निवडले मुंबई-गोवा जहाज. आता पाहा, शेंगदाणा आणि काजू ही दोन्ही मुळात दक्षिण अमेरिकेची, समुद्र ओलांडून आपल्याकडे आलेली पिके. काजू तर पोर्तुगीजांनी गोव्याच्या किनाऱ्यावर आणून रुजवला. म्हणजे ज्या पदार्थापासून मुलीला दूर ठेवायचे, त्याच्याच माहेरघरी आम्ही तिला घेऊन निघालो होतो.

समुद्राचा आणि या विकाराचा आणखी एक संबंध आहे, तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. १९०१ साली मोनॅकोचा राजा पहिला आल्बेर याच्या नौकेवर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिये हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ एका निळ्या, दंश करणाऱ्या सागरी जीवाच्या विषाचा अभ्यास करीत होते. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यांवर वाहून येणारे ‘ब्लू बॉटल’ याच कुळातले. फ्रान्सला परतल्यावर त्यांनी समुद्रपुष्पाचे विष कुत्र्यांना टोचून पाहिले. पहिली मात्रा सहन केलेला कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या तशाच अल्प मात्रेने अर्ध्या तासाच्या आत मरण पावला. संरक्षणाऐवजी शरीराने उलटा घात केला होता. १९०२ मध्ये त्यांनी या प्रकाराला ‘ॲनाफिलॅक्सिस’ हे नाव दिले आणि १९१३ चे नोबेल पारितोषिक रिशे यांना मिळाले. ज्या शब्दाने आजच्या आईबापांची झोप उडते, त्याची हकीकत अशी एका सागरसफरीतच सुरू झाली.

तयारीचे बोलू. सर्वप्रथम मुलाच्या डॉक्टरांकडून लेखी कृतियोजना घ्या: कोणत्या लक्षणाला काय करायचे, कोणत्या क्रमाने. तीव्र प्रतिक्रियेत पहिले औषध ॲड्रिनॅलिन, आणि ते मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत. ॲलर्जीच्या गोळ्या वा सिरप खाज कमी करतात. बंद होत चाललेला श्वास वा घसरणारा रक्तदाब त्यांनी सावरत नाही. परदेशी मुलांजवळ असते तसे तयार पेन आपल्याकडे सहजी मिळत नाही, म्हणून बहुतेक डॉक्टर ॲम्प्यूल आणि सिरिंज देतात व वापर शिकवतात. मात्रा वजनावर ठरते. १५ किलोच्या मुलाला नेहमीच्या १ मिलिग्रॅम प्रति मिलिलीटरच्या ॲम्प्यूलमधून ०.१५ मिलिलीटर. हा आकडा डॉक्टरांनी तुमच्या मुलासाठी तपासून कागदावर लिहून दिला पाहिजे, आणि साध्या पाण्याने सिरिंज भरण्याचा सराव घरी व्हायला हवा. किमान दोन मात्रा जवळ असाव्यात. औषध उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, बर्फातही नको. सुया असल्यामुळे तपासणीसाठी डॉक्टरांचे पत्र लागते. मुलाला दमा असेल तर तो आटोक्यात आल्याखेरीज निघूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जहाजाला ॲलर्जीची कल्पना तिकीट काढतानाच द्या, चढल्यावर भोजनकक्षाच्या प्रमुखाला पुन्हा द्या. घरचे शिजवलेले अन्न बहुधा चढू देत नाहीत. बंद पाकिटे चालतात का ते आधी विचारा. पाकिटावरील घटक वाचताना एक ध्यानात असू द्या. आपल्या २०२० च्या लेबल नियमांनुसार शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुकामेवा, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे जीव, सोयाबीन, ग्लुटेनयुक्त धान्ये आणि ठराविक प्रमाणावरील सल्फाइट यांचा उल्लेख ॲलर्जीकारक म्हणून वेगळा करावा लागतो. तिळाचा त्या यादीत समावेश नाही. तिळाची ॲलर्जी असेल तर सगळी घटकसूची शेवटपर्यंत वाचावी लागते. तेलाचेही तसेच. पूर्ण शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिने जवळजवळ उरत नाहीत. सध्या ज्याचे फार कौतुक चालते त्या लाकडी घाण्याच्या तेलात ती उरतात.

भोजनकक्षाच्या दारात हातावर सॅनिटायझर दिला जातो. तो जंतूंसाठी ठीक, पण शेंगदाण्याचे प्रथिन हातावरून काढत नाही. त्याला साबण आणि पाणी लागते, नाहीतर ओले पुसणे.

एवढे सगळे जाणूनही आमच्याकडून चूक झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडलेल्या न्याहारीत उपमा होता. मी वाढप्याला विचारले, “यात शेंगदाणे आहेत का?” तो म्हणाला, “नाही, ताई.” ते खरेच होते. उपम्यात दाणे नव्हते. ते शेजारच्या पोह्यांत होते, आणि कोणा घाईतल्या प्रवाशाने पोह्यांचा डाव उपम्यात टाकला होता. मुलीने तिसरा घास घेतला आणि “आई, जीभ टोचते,” म्हणाली. कोथिंबिरीखाली अर्धा दाणा दिसला. पाच मिनिटांत ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या, उलटी झाली आणि पाठोपाठ तो कोरडा खोकला, ज्याची डॉक्टरांनी आम्हाला विशेष सूचना दिली होती. तिच्या बाबांनी तिला तिथेच जमिनीवर आडवे केले. सिरिंज मी भरली. हात थरथरत होता, पण घरी वीसदा केलेले काम हात विसरला नाही.

जहाजाचे डॉक्टर आले तोवर खोकला ओसरू लागला होता. त्यांनी तिला उभे राहू दिले नाही. खुर्चीच्या चाकांवरसुद्धा नव्हे, स्ट्रेचरवर नेले. अशा वेळी एकाएकी उभे केल्याने रक्तदाब कोसळू शकतो. लक्षणे काही तासांनी परत उलटू शकतात, म्हणून संध्याकाळपर्यंत आम्ही जहाजाच्या छोट्या दवाखान्यात होतो. गोलाकार खिडकीतून कोकणची किनारपट्टी सरकत होती आणि मुलगी प्रत्येक होडीला बार्ज म्हणत होती.

मी प्रश्नच चुकीचा विचारला होता. तुम्ही विचाराल तेव्हा पदार्थाविषयी नव्हे, तर डावाविषयी, कढईविषयी, शेजारच्या भांड्याविषयी विचारा. त्याहून बरे म्हणजे मांडलेल्या पंगतीला हातच लावू नका. मुलाचे ताट स्वयंपाकघरातून, झाकून, वेगळे मागवा. उरलेल्या प्रवासात तिने गरम वरण-भात, तूप आणि सोललेली केळी खाल्ली. गोव्यात काजू घातलेल्या रश्शांकडे आम्ही फिरकलोच नाही. मुलीला त्याचे काही वाटले नाही. तिला शंख हवे होते.

परतताना मुंबईला उतरून आम्ही भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो घेतली. मार्च २०२० पासून सुरू झालेल्या या सेवेने आमच्यासारख्यांची पनवेलची कोंडी चुकते, आणि तासाभराच्या त्या प्रवासात काही खाण्याची गरजही पडत नाही. ॲलर्जीच्या मुलाला पाण्याची पहिली ओळख करून द्यायची तर मी आता हीच फेरी सुचवीन, गोवा नंतर. मांडव्याहून कार्लेखिंड, पोयनाड करीत धरमतरचा पूल ओलांडला, तेव्हा भरती लागली होती. खाली एक बार्ज धक्क्याकडे वळत होता. मुलीने गाडीची काच खाली करायला लावली आणि विचारले, “यांच्या जेवणात दाणे असतात का?”